चाचणीची रुई

हॉटेलवाल्याने कपबशी पुढ्यात ठेवली, खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसल्यासारखं केलं आणि सहज म्हणाला, "यंदा तं तुमाले आरामच हाय, वामनराव." वामनरावांनी नुसती मान हलवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळात कुणीही कुणाला काहीही म्हणतो, आणि त्याला मान हलवण्यापलीकडे उत्तर द्यायची गरज नसते, असं त्यांचं मत होतं. या गावाबद्दलची त्यांची बहुतेक मतं अशीच होती. तीन वर्षं ते रोज या बाकावर चहा पीत होते आणि तीन वर्षांत त्यांनी बशीला तोंड लावलं नव्हतं. आजूबाजूला फुरके मारणाऱ्या माणसांना आपला कप दिसावा एवढ्या उंचीवर धरून ते पीत. पण आज दुसऱ्या घोटाला त्यांनी कप खाली ठेवला. आराम कसला? आज तर कापसातली सरकी काढायची जिन सुरू व्हायची. नव्या रेच्यांना, कापूस वटायच्या यंत्रांना, तेल दिलं होतं, पट्टे चढवले होते, मोटरींवरच्या पिशव्या त्यांनी परवा आपल्या हाताने काढल्या होत्या. विचारावं म्हणून त्यांनी मान वर केली, तर हॉटेलवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि ते गिऱ्हाईक वामनरावांकडे बघून हसत होतं. त्या हसण्यात कुचेष्टा असती तर त्यांनी ती झटकून टाकली असती. त्यांना सवय होती. पण त्यात हेवा होता. कापूस जोखणारा एक फाटका माणूस आपला हेवा करतो आहे हे त्यांना काही केल्या सोसेना, आणि ते चहा अर्धा टाकून उठले.

बाहेर रस्त्यावर कापसाच्या बंड्या लागल्या होत्या. रात्रीपासून आलेल्या असणार. बैल सोडलेले, माणसं जुवांना टेकून बिड्या ओढत बसलेली, आणि सगळ्या बंड्यांची तोंडं समोरच्या जिनकडे. रस्त्याच्या अलीकडे सदाशिवरावांची जिन, जिथे वामनराव मॅनेजर होते, आणि पलीकडे ती दुसरी, जिला अख्खं गाव जुनी जिन म्हणे. जुन्या जिनचं इंजिन वाफेचं होतं आणि ते कोणी आणलं हे सांगणारा माणूसही आता गावात उरला नव्हता. ते सुरू झालं की शेडचे पत्रे थडथडत, आतल्या बाया खोकत बाहेर येत आणि पुन्हा आत जात. वामनराव कधी तिकडून गेलेच तर नाकाला रुमाल लावून जात. धूळ होती हे खरं, पण रुमाल धुळीसाठी नव्हता. आज त्या जिनच्या धुराड्यातून धूर निघत होता आणि आपल्या फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. मालकाचा निरोप होता, उघडायचं नाही, एवढंच त्याने सांगितलं, आणि वामनरावांना बसायला स्टूल देऊ केलं.

स्टुलावर ते बसले नाहीत. सदाशिवरावांच्या घराकडे चालायला लागले, आणि चालता चालता त्यांना कळेना की आपल्याला राग नक्की कुणाचा आला आहे. मुंबईच्या गिरणीत ते असिस्टंट होते. त्यांच्यावर दुसरा असिस्टंट आणि त्याच्यावर तिसरा. तिथे एका स्पिंडलचा वेग बदलायचा तरी चार सह्या लागायच्या, आणि चौथी सही करणारा रजेवर असायचा. त्या सगळ्यांना त्यांनी मनातल्या मनात शंभरदा राजीनामा दिला होता. मग दारव्ह्याच्या मावसभावाच्या ओळखीने सदाशिवराव भेटले. ओसरीच्या काठावर पाय पसरून बसलेला, धोतराचा सोगा मांडीवर टाकलेला, पानाने दात लाल झालेला हा जमीनदार आणि जिनवाला म्हणाला होता, तुमी म्हनान ते मशीन घेऊ. कोणी आपल्याला असं म्हणेल हे वामनरावांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तेव्हाच विचारायला हवं होतं की का. पण विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शिकलेल्या माणसापुढे दिपलेला एक गावंढळ, एवढंच त्यांनी ओळखलं आणि मुंबई सोडली. वाफेचं धूड काढून टाकलं, बॉयलर मोडीत घातला. विजेच्या मोटरी आल्या, दुहेरी रोलरचे रेचे आले, आणि ज्यांचं त्यांना फार अप्रूप होतं ते भरणीचे डबे आले. रेच्यात कापूस हाताने लावायला बाया ठेवायची गरजच नव्हती, डब्यातून तो आपोआप सारखा उतरायचा. महाराष्ट्र होऊन दुसरंच वर्ष चाललं होतं. मुंबईपासून नागपूर-मोर्शीपर्यंत सगळीकडे भाषणं होत होती की आता कारखाने होतील, आणि वामनराव ती भाषणं वर्तमानपत्रात वाचून ओठ मुडपत. तुम्ही बोला, मी केलं आहे, असं त्या मुडपण्यात असे. रेचावाल्या बायांना काढलं तेव्हा त्यांची पुढारीण गंगी, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, कानात मोठाल्या बाळ्या घातलेली बाई, पुढे आली होती. तिने डब्यात वाकून बघितलं, आणि बाकीच्या बायांना घेऊन रस्ता ओलांडून जुन्या जिनमध्ये गेली. खंडेनवमीला सदाशिवरावांनी नव्या रेच्यांची पूजा केली. प्रत्येक मोटरीला हार घातला, प्रत्येक रेच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला, आणि गावातल्या बाकीच्या जिनवाल्यांना बोलावून पेढे वाटले. सगळे जण शेडभर फिरत होते, वाकून रोलर बघत होते, मोजत होते. वामनराव बाजूला उभे होते. हे लोक यंत्राला हळद लावतात, उद्या लग्नही लावतील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं होतं. मोजत कशाला होते हे आलं नव्हतं.

सदाशिवराव ओसरीवर दाढी करवून घेत होते. न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असल्यामुळे त्यांनी आधी डोळ्यांनीच वामनरावांना बसायला सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. गावात जिना जास्त, कापूस कमी. सगळ्यांनी चालवल्या तर भाव पाडून एकमेकांना बुडवतील. म्हणून जिनवाल्यांचा पूल होता, म्हणजे आपसातला करार, बापजाद्यांपासूनचा. मोसम लागला की सगळे बसायचे, कोणत्या जिना चालतील आणि कोणत्या बंद राहतील ते ठरवायचे, आणि नफ्याचा वाटा बंद असलेल्यांनाही मिळायचा. ज्याच्याकडे जेवढे रेचे, तेवढा त्याचा वाटा, आणि दुहेरी रोलरचा रेचा दोन म्हणून मोजायचा. पूल असतो हे वामनरावांनी ऐकलं होतं. बंद राहायच्या त्या मोडक्या जिना, असं त्यांनी आपलं आपणच धरून चाललं होतं. धंद्याची बोलणी चालली की ते नेहमी उठून बाहेर जात, ती त्यांना बाजारू वाटत. त्यांनी सदाशिवरावांना म्हटलं की मग त्या भंगाराला बंद ठेवा, गावातली सगळ्यात चांगली यंत्रं बंद ठेवायला आपण काय वेडे आहोत का. सदाशिवरावांनी न्हाव्याचा हात बाजूला केला.

"नवी चीज घसते, वामनराव," ते म्हणाले. "जुनी घसून घसून आता घसाची राह्यलीच नाही. मंग कोनती चालवा? पूल पाह्यते रेचे किती हाय, चालून राह्यले का नाही हे पाह्यतच नाही. तुमी पाह्यल्यावानी दुसऱ्या कोनी मशिनी पाह्यल्या नसत्या. आता वाटा डबल."

ते खुश होते. वामनरावांवरही खुश होते. पगार तोच राहील, उलट दिवाळीला काही तरी जास्तच, आणि काम काय तर तेलपाणी बघायचं, उंदरांवर लक्ष ठेवायचं. वामनराव उठले. हा माणूस मूर्ख नव्हता हे त्यांना तीन वर्षांनी, गालाला साबण लागलेल्या त्याच्या तोंडाकडे बघताना कळलं, आणि मूर्ख होता तेव्हा तो त्यांना जास्त आवडत होता हेही कळलं.

घरी विमल, त्यांची बायको, म्हणाली बरं झालं. तिला त्यांचा खोकला आठवत होता. मोसमात रुईचे तंतू त्यांच्या छातीत जाऊन बसत आणि फाल्गुनापर्यंत निघत नसत. यंदा तुम्ही जेवायला वेळेवर याल, ती म्हणाली, आणि तिने खरंच आनंदाने भाजी निवडायला घेतली. वामनराव तिच्याकडे बघत राहिले. बारा वर्षांच्या संसारात या बाईला आपलं काम काय आहे हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. तिला नवरा घरात हवा, एखादं कपाट हवं असावं तसा. मग त्यांना वाटलं की आपणही तिला कधी काही सांगितलेलं नाही, पण हा विचार त्यांनी पुढे जाऊ दिला नाही. ते रोज जिनमध्ये जात. फाटकाचं छोटं दार उघडून आत जात, शेडमध्ये उभे राहत. हारांची फुलं सुकून मोटरींवर चिकटली होती. एकेका मोटरीच्या अंगावर हात ठेवून ते उभे राहत, ती थंड असायची. समोरून त्या म्हाताऱ्या इंजिनाची धडधड दिवसभर येई, इतकी बेसूर, की कोणता पट्टा ढिला आहे आणि कोणत्या रेच्याचा रोलर खाल्ला गेला आहे हे त्यांना इथे बसून ऐकू येई, आणि ते दात खात. ते इंजिन रुईत सरकीचे तुकडे पाडत होतं. तंतू तोडत होतं. मुंबईच्या गिरणीत कुणीतरी त्या रुईची गासडी फोडेल आणि यवतमाळच्या नावाने बोटं मोडेल, आणि इकडे हे सगळे जण ओसरीवर दाढ्या करवून घेतील. दुपारच्या सुट्टीत गंगी आणि बाया भाकरी खायला या शेडच्या सावलीत येत, कारण त्यांच्या शेडला सावली नव्हती. एकदा तिने सहज विचारलं, सायब, तुमच्या मशिनीले भूक नाही लागत का. बाया हसल्या. वामनराव शेडमध्ये परत गेले. त्यांनी ठरवलं की राजीनामा द्यायचा, पण नुसता द्यायचा नाही. हे रेचे एकदा चालवायचे, कापसावर चालवायचे, पूल मोडायचा, आणि मग चाव्या सदाशिवरावांच्या पानाच्या डब्यात टाकून निघायचं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, त्यांनी मोठं फाटक उघडलं. पहारेकरी जेवायला गेला होता. रांगेत सगळ्यात मागची बंडी प्रेमसिंगची होती, आर्णीकडच्या तांड्यावरचा एक शेतकरी, डोक्याला लाल पागोटं. त्याचा एक बैल बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. वामनरावांनी त्याला आत बोलावलं. तो जागचा हलला नाही. त्याने फाटकाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि म्हणाला की सौदा समोर झाला आहे, नंबर जाईल. "काहून उभा हायस, आन आत," वामनराव ओरडले, आणि स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून चपापले. दारव्ह्याला आजोळी सोडून आलेली ती बोली इतकी वर्षं त्यांनी ओठांवर येऊ दिली नव्हती. प्रेमसिंगला मात्र त्यामुळेच विश्वास वाटला असावा. त्याने बैल उठवला. बंडी आत आली. आत हमाल नव्हते, कुणीच नव्हतं. वामनरावांनी कोट काढून खिळ्याला लावला आणि प्रेमसिंगच्या बरोबरीने, टोपल्यांनी, कापूस डब्यांत टाकायला सुरुवात केली. मग त्यांनी स्टार्टर ओढला.

पट्टे आधी नुसते थरथरले, मग आवाज एकसारखा झाला. ते तिथेच उभे राहिले. रोलरच्या खालून रुई निघायला लागली, सलग, एखाद्या पांघरुणासारखी, आणि सरकी खाली जाळीतून पडत होती ती उघडीनागडी पडत होती, तिच्या अंगावर तंतू नव्हता. वामनरावांनी चिमूटभर रुई उचलून दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून ओढली. तंतू लांब होता, अखंड होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीने आलं असेल असं त्यांना वाटलं, पण शेडमध्ये धूळ नव्हती, हेच तर त्यांनी केलं होतं. मुंबईतल्या त्या दोन असिस्टंटांनी आता इथे यायला हवं होतं. विमलने यायला हवं होतं. ते टोपलीमागून टोपली ओतत राहिले, घामाने सदरा पाठीला चिकटला, खोकला उठला तरी थांबले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आजूबाजूच्या कुणाचाही तिटकारा आला नाही. प्रेमसिंग बाजूला उभा राहून आपल्या कापसाचं काय होतं आहे ते पाहत होता. तो काही म्हणाला असता तरी वामनरावांना ऐकू आलं नसतं.

अर्धी बंडी झाली असेल, तेव्हा दारात माणसं दिसली. सदाशिवराव होते, आणि त्यांच्याबरोबर पुलाच्या कमिटीचे लोक, खंडेनवमीला पेढे खाल्लेलेच. मोटरींचा आवाज जुन्या जिनमध्ये गेला होता. तिथून कोणीतरी धावत जाऊन सांगितलं होतं की सदाशिवराव पूल मोडून राह्यले. वामनरावांनी मशीन बंद केलं नाही. ताठ उभे राहून ते वाट पाहत राहिले, चाव्या खिशात होत्या. कमिटीतला एक म्हातारा तावातावाने पुढे आला. सदाशिवरावांच्या तोंडाचा रंग एक क्षणभर गेलेला वामनरावांनी पाहिला, आणि त्यांना सुख झालं. ते सुख फार टिकलं नाही. सदाशिवरावांनी खाली वाकून मूठभर रुई उचलली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"चाचनी हाय," ते म्हणाले. "तुमीच म्हनत होते ना, या मशिनी नुसत्या उभ्या केल्या, चालत नाहीत म्हनून. आता पाहा. मीच म्हनलं वामनरावांले, करून दाखवा."

म्हाताऱ्याने रुई ओढून पाहिली. दुसऱ्याच्या हातात दिली. सगळ्यांनी ती ओढून पाहिली, आणि त्या माणसांना रुई कळत होती, त्यांच्या बोटांत ती आली की त्यांचे चेहरे बदलले. कमिटीत खरोखरच कुणकुण होती की सदाशिवरावांचे रेचे दिखाऊ आहेत, वाटा कापावा. आता तो प्रश्न मिटला. म्हातारा वामनरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की अशी रुई त्याने जन्मात पाहिली नाही, आणि आपल्यासाठीही असेच रेचे बघून द्या, यंदा नाही तर पुढल्या साली. मग त्याच्या जिनचाही वाटा वाढला असता. वामनरावांनी तोंड उघडलं. ही चाचणी नव्हती, मी पूल मोडत होतो, असं त्यांना म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्याने मध्येच विचारलं की रोलर कोणत्या चामड्याचा, आणि त्यांनी सांगितलं. दर दोन महिन्यांनी बदलावा लागेल का, तर तेही सांगितलं. नीट, सविस्तर सांगितलं, कारण तोवर त्यांना हे कोणीच विचारलं नव्हतं.

प्रेमसिंग अजून तिथेच होता. समोरच्या जिनमधला खरेदीदाराचा माणूस येऊन त्याला सांगून गेला की मी कापसाचा सौदा केला होता, रुईचा नाही, ही मोकळी रुई घेऊन मी काय करू. उरलेली अर्धी बंडी घेऊन पुन्हा रांगेला लाग. प्रेमसिंगने ओसंडून पडलेल्या त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं, मग रेच्यांकडे.

"मशीन एवढी चांगली हाय तं बंद काहून हाय, सायब?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नवी आहे म्हणून," वामनराव म्हणाले.

सदाशिवरावांनी त्या रुईचे पैसे प्रेमसिंगला कापसाच्या भावाने देऊन टाकले, आणि पहारेकऱ्याला पिंजाऱ्याकडे पाठवलं. पिंजारी म्हणाला, ही पिंजायलाही नको, अशीच भरतो. दिवाळीच्या पाडव्याला कमिटीतल्या प्रत्येकाच्या पेढीवर एकेक गादी गेली. एक गादी वामनरावांच्या ऑफिसात आली; सदाशिवरावांनी टेबलखुर्ची उचलून नेऊन तिथे ती टाकली होती, वर पांढरीशुभ्र खोळ, मागे लोड, आणि बाजूला पितळी पिकदाणी. आता सालभर वामनरावांले खुर्चीत अवघडून बसाचं काम नाही, असं ते पहारेकऱ्याला म्हणाले होते. वामनराव चप्पल काढून दारात उभे राहिले. चाव्या त्यांच्या हातात होत्या. गाद्यांवर बसणाऱ्या लोकांची त्यांना आयुष्यभर शिसारी होती. समोरच्या जिनची धडधड चालू होती. त्यांनी चाव्या खिळ्याला अडकवल्या, आत गेले आणि बसले. गादी फार चांगली झाली होती.